तीनदा दिलेली मुलगी

राजारामला मुलगी परत करायची होती, आणि त्याच्या मते प्रश्न एवढाच उरला होता की त्यासाठी स्टॅम्पपेपर शंभरचा लागेल की पाचशेचा.

"शंभरचा बंद झाला," विमला म्हणाली. "आता काहीही करायचं तर पाचशेचाच."

"मग पाचशेचा घे. त्याचं काही नाही गं ताई."

अंधेरीच्या कोर्टाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीला लागून विमला घाडीगावकरचं टेबल होतं. वर निळी ताडपत्री, टेबलावर लॅपटॉप, खाली जुन्या चादरीत गुंडाळलेला प्रिंटर. पंचवीस वर्षं ती तिथे बसून लोकांची प्रतिज्ञापत्रं टाइप करत होती. नावात चूक झाली, रेशनकार्ड हरवलं, नवरा सांगून गेला नाही, माणसाच्या आयुष्यात जे काही बिघडतं ते कधी ना कधी 'मी खाली सही करणार' होऊन तिच्यापुढे यायचं. दहावीला असताना बापाची, धोंडूची, मिल बंद पडली तेव्हा ती टायपिंग शिकली. कायदा तिला कुणी शिकवला नव्हता. तो दुसऱ्यांचे कागद बडवता बडवता बोटांतून वर चढला होता, आणि चढला तोही अर्धामुर्धा.

राजाराम तिच्या पाठचा भाऊ. बोरिवलीला दोन बेडरूमचा फ्लॅट, सोसायटीचा सेक्रेटरी. सेक्रेटरी झाल्यापासून तो घरातसुद्धा नोटीस लावल्यासारखा बोलायचा.

"तेव्हाचा कागद तूच केलेलास," तो म्हणाला. "म्हटलं रद्दचाही तूच कर. घरातली गोष्ट, बाहेरच्याकडे कशाला जा."

"कारण काय टाकू?"

"कारण कशाला?"

"मिक्सर परत करायला गेलास तरी दुकानदार कारण विचारतो, राजा. ही तर अकरा वर्षांची पोर आहे."

राजारामने खिशातला रुमाल काढला, कपाळ टिपलं, घडी घालून परत ठेवला. "जयंतीचं म्हणणं असं की दिशाला आता सख्ख्या आईबापाची माया मिळायला हवी. मुलगी वयात येतेय. शेवटी रक्त ते रक्त, ना."

"हे रक्ताचं जयंतीला कधी कळलं? यज्ञेश झाल्यावर?"

यज्ञेश दीड वर्षाचा होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी, तीन डॉक्टर बदलून जयंतीला मुलगा झाला. त्याचा आनंद विमलालाही झाला होता, उगाच खोटं कशाला बोला. पाचवीच्या पूजेला ती स्वतः धावत गेली होती. त्या दिवशी आल्यागेल्याला ट्रेमधून पाणी देणारी मुलगी दिशा होती, आणि पाणी घेता घेता एक बाई म्हणाली होती, "कामाला बरी मिळाली हो." जयंतीने ते ऐकलं होतं. दुरुस्त केलं नव्हतं.

"सोसायटीत एक वकील आहेत," राजाराम सांगत होता. "त्यांनी विचारलं, रजिस्टर केलंय का? म्हटलं नाही, नोटरी. म्हणाले, मग कशाचं दत्तक? पोरगी नुसती सांभाळायला होती असं धरा. कागद करून टाका, विषय संपला."

हे ऐकून विमलाने लॅपटॉप मिटला. कारण तो कागद तिचा होता.

"रविवारी घेऊन येते," ती म्हणाली.

"ये. हर्षद-श्वेताला पण बोलावलंय, तिथेच सह्या करून टाकू. आणि जेवायलाच या सगळे, जयंती कोंबडी-वडे करतेय."

विमलाने त्याच्याकडे नीट पाहिलं. मस्करी करत नव्हता. मुलगी परत करायची आणि वर वडे तळायचे. घाडीगावकरांच्यात कुठलंही काम जेवल्याशिवाय पार पडत नसे, हे मात्र खरं.

*

अकरा वर्षांपूर्वीही जेवण होतं. दोनशे पानं उठली होती.

धाकटा भाऊ हर्षद मुलुंडला दोन खोल्यांत राहायचा, लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक. दोन मुली होत्या, तिसरीही मुलगी झाली, आणि नेमकी तेव्हाच त्याची नोकरी गेलेली. राजाराम-जयंतीला मूल नव्हतं. मग घरातल्या मोठ्या माणसांनी बसून तांदळाचं पोतं या घरातून त्या घरात हलवावं तसं ठरवून टाकलं. श्वेताला विचारलं का? विचारलं, असं सगळे म्हणायचे. म्हणजे तिच्या समोर बोलणं झालं आणि ती नाही म्हणाली नाही. बाळंत होऊन पंधरा दिवस झालेली बाई कितीशी बोलणार.

जयंतीला मात्र ते चोरून करायचं नव्हतं. बारा वर्षं सोसायटीतल्या बायका हळदीकुंकवाला तिची ओटी भरताना एकमेकींकडे बघत आल्या होत्या. तिने हॉल घेतला, पत्रिका छापल्या: 'आमचे येथे श्रीकृपेकरून चि. दिशा हिचे दत्तकविधान व बारसे करण्याचे योजिले आहे.' खाली आहेर आणू नये, त्याखाली बारीक अक्षरात भोजनाची वेळ. स्टेजवर थर्माकोलचा पाळणा आणि व्हिडिओवाला. त्याच्याबरोबर छत्रीसारखा दिवा धरणारा आणखी एक.

ओटीत मूल घालायचा रिवाज साधा. देणारीने नारळ, तांदूळ आणि त्यावर लेकरू घेणारीच्या पदरात घालायचं. श्वेताने घातलं. व्हिडिओवाला म्हणाला, "वहिनी, बाळाचा चेहरा झाकला गेला. परत एकदा." बाळ परत श्वेताच्या हातात आलं. श्वेताने परत घातलं. या वेळी मध्येच कुणीतरी मामा पानाचा विडा घेऊन आडवे गेले. "सॉरी हां, अजून एकदा." तिसऱ्या वेळी मूल भुकेने रडत होतं, आणि श्वेताच्या हातांनी ते सोडलं नाही. क्षणभरच. पण विमला शेजारी उभी होती, आत्या म्हणून कानात नाव सांगायला, आणि तिने ती बोटं पाहिली होती.

आणि कागद. कागद विमलाने केला होता. दत्तकपत्राचा मजकूर तिच्याकडे तयार नव्हता, म्हणून तिने एका फ्लॅटचं बक्षीसपत्र उघडलं आणि जिथे जिथे 'सदर मिळकत' होतं तिथे तिथे 'सदर कन्या' घातलं. शंभरच्या स्टॅम्पपेपरवर काढलं, नोटरीने गोल शिक्का मारला, लाल रंगाचा. शिक्का बघून सगळ्यांना एवढं बरं वाटलं की त्यापुढे आणखी काही करायचं असतं हे कुणाच्या मनातही आलं नाही. विमलाच्याही नाही. शिक्के विकून पोट भरणाऱ्या माणसालाच शिक्क्याची सगळ्यात जास्त भूल पडते. एका जागी 'मिळकत' बदलायचं राहून गेलं होतं. पाचव्या कलमात अजूनही लिहिलेलं होतं: 'सदर मिळकतीचा ताबा आजरोजी लिहून घेणार यांना दिला असे.' हे तिला दोन वर्षांनी दिसलं. तेव्हा ती हसली होती.

आता नाही हसली.

*

मृणालिनीबाई पार्ल्याच्या. साठी उलटली तरी वकिली चालू. त्यांचे मसुदे विमलाच टाइप करायची, कारण त्यांचं अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नसे. विमलाने कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि खाली मान घालून बसली. बाईंनी चष्मा कपाळावर ढकलून तो वाचला. पाचव्या कलमाशी थांबल्या.

"हे तू केलंस?"

"हो."

"आणि नोटरीने वाचलं नाही."

"नोटरी कधी वाचतात?"

"खरं आहे." बाईंनी कागद बाजूला ठेवला. "हे बघ, रजिस्टर केलेलं असतं तर दत्तक झालं असं कोर्टाने धरून चाललं असतं. केलेलं नाही, म्हणजे दत्तक झालंच नाही असं नव्हे. ते झालं हे दाखवावं लागतं, एवढंच. होम नसला तरी चालतो. मूल हाताने दिलं आणि हाताने घेतलं, हे पाहिजे. ते झालं होतं?"

"तीनदा."

"म्हणजे?"

विमलाने व्हिडिओवाल्याची गोष्ट सांगितली. बाई हसल्या नाहीत. "पाहिलं कुणी?"

"दोनशे माणसं जेवली."

"आणि तो व्हिडिओ?"

विमला काही बोलणार होती, ती थांबली. जयंतीने कार्यक्रमाच्या महिन्याभरात सगळ्या पाहुण्यांना स्टीलचा डबा आणि डबीत घालून डीव्हीडी वाटली होती. वरती जयंतीचा बाळ घेतलेला फोटो. घरोघर. नातलगांत कुणाचंही कपाट उघडलं तर त्यात ती निघाली असती. विमलाची स्वतःची नऊवारीखाली होती, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"बाई," ती म्हणाली, "पुरावा त्यांनीच वाटलाय. रिटर्न गिफ्ट म्हणून."

आता मात्र मृणालिनीबाई हसल्या. मग त्यांनी बोटांवर मोजत विचारलं. तेव्हा राजारामला मुलगी नव्हती ना? नव्हती. बायकोची संमती? ती तर स्टेजवर होती. हर्षद-श्वेता दोघं हजर? हजर. "मग झालं. एकदा नीट झालेलं दत्तक बापाला, आईला, कुणालाच रद्द करता येत नाही. मुलगी स्वतः म्हणाली तरी नाही. आणि एकदा दत्तक गेलेलं मूल पुन्हा दत्तक देताही येत नाही. त्या यज्ञेशचा जेवढा हक्क तेवढाच हिचा. खाणं, कपडा, शाळा, सगळं. आजही चौघांनी सह्या केल्या तर झालेल्या दत्तकाचा कागद रजिस्टर होऊ शकतो. तो करून घे."

विमलाला सुटल्यासारखं वाटलं, आणि ते लगेच नाहीसं झालं. "म्हणजे त्यांना ती नको असली तरी तिने तिथेच राहायचं?"

"कायदा नातं तोडू देत नाही, विमल. वाढणाऱ्या हाताला माया आण, असं कलम मला चाळीस वर्षांत सापडलेलं नाही." बाईंनी चष्मा खाली घेतला. "तिला काय पाहिजे?"

विमलाने कागदाची घडी घातली. राजाराम दोष द्यायला फार सोपा माणूस होता. पण दिशाला काय पाहिजे हे आत्यानेही विचारलं नव्हतं. ना तेव्हा, ना आता.

*

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली तेव्हा विमला बोरिवलीला फाटकाशी उभी होती. दिशा बाहेर आली, दोन वेण्या, पाठीवर तिच्याहून जड दप्तर. आत्याला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. हल्ली तिला कशाचंच वाटत नसावं.

"तू कागद करणारेस ना," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"मम्मी फोनवर बोलत होती. मला सांगितलंय की सुट्टीत मुलुंडला राहायला जायचं. सुट्टीत राहायला जाताना शाळेचा दाखला काढतात का?"

विमलाने दोन लिंबू सरबतं घेतली. दोघी शाळेशेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसल्या. दिशाने दप्तरातून वही काढली. कव्हरवरच्या लेबलावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं: दिशा राजाराम घाडीगावकर. त्याच्याखाली, पुसट: दिशा हर्षद घाडीगावकर.

"मधलंच बदलायचं ना फक्त," ती म्हणाली. "म्हणून यंदा पेनने नाही लिहिलं."

विमलाने सरबताचा ग्लास पायरीवर ठेवला.

"घरी काही त्रास देतात तुला? मारतात?"

"नाही गं. शाळेत भिंतीवर नंबर लिहिलाय, दहा नऊ आठ. मुलांना कुणी त्रास दिला तर लावायचा. पण मला कुणी मारत नाही. मग फोन करून काय सांगू? माझं कपाट बाल्कनीत ठेवलं, असं सांगू?"

"बाल्कनीत?"

"यज्ञेशच्या झोळीला जागा हवी होती. वह्यांना वास येतो आता, ओलीचा."

"तुला कुठे राहायचंय, दिशा? मुलुंडला, का इथे? माझ्याकडे यायचं असलं तरी ये. मी विचारायला आलेय."

दिशाने स्ट्रॉने तळाचं सगळं ओढून घेतलं. "काकी चांगली आहे. पण तिच्याकडे गेल्यावर ती आधी रडते आणि मग खूप वाढते. मला तिथे पाहुणी असल्यासारखं वाटतं. आणि यज्ञेश माझ्याशिवाय झोपत नाही. मम्मीला माहीत नाही ते, तिला वाटतं झोळीने झोपतो." मग ती म्हणाली, "मला कुठेही चालेल, आत्या. फक्त एकदा सांगा आणि मग बदलू नका."

*

रविवारी घरात वड्यांचा वास होता. जयंतीने दार उघडलं, "या वन्सं," म्हणाली. एरवी ती विमलाला ताई म्हणायची. वन्सं फक्त काम असलं की.

हर्षद सोफ्याच्या कडेला टेकला होता, लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसासारखा. श्वेता खुर्चीवर, पर्स मांडीवर, पर्सवर दोन्ही हात. दिशाला आत यज्ञेशला घेऊन बसायला सांगितलेलं होतं.

"कागद आणलास ना?" राजाराम म्हणाला. "जेवायच्या आधी उरकू."

"आणलाय. आधी एक बघायचंय." विमलाने पेनड्राइव्ह काढला. झेरॉक्सवाल्याने डीव्हीडीवरचं त्यात घालून दिलं होतं. "टीव्हीला लाव."

"काय आहे?"

"जयंतीचा कार्यक्रम."

जयंती पदराला हात पुसत बाहेर आली. पडद्यावर थर्माकोलचा पाळणा आला, सनईची रेकॉर्ड, आणि मोतिया रंगाच्या पैठणीतली जयंती. तिचा चेहरा फुलला. "बघा किती बारीक होते मी. ती पैठणी अजून आहे हं." पडद्यावर राजारामने माइक घेतला, त्यावर दोनदा फुंकर मारली आणि म्हणाला, "माझ्या मुलीच्या बारशाला आलात, जेवल्याशिवाय कुणीही जायचं नाही."

"'माझ्या मुलीच्या,'" विमला म्हणाली. "ऐकलंस ना, राजा? सेक्रेटरीचा आवाज खणखणीत आहे."

राजारामने रिमोटकडे हात नेला. विमलाने तो आधीच मांडीखाली घेतला होता.

मग श्वेता स्टेजवर आली. सत्तावीस वर्षांची, डोळ्यांखाली काळं. तिने बाळ ओटीत घातलं. व्हिडिओवाल्याचा आवाज आला, बाळाचा चेहरा झाकला गेला, परत एकदा. तिने परत घातलं. मामा आडवे गेले. परत. तिसऱ्यांदा बाळ रडत होतं, कॅमेरा जवळ गेलेला, आणि पडद्यावर फक्त दोन बायकांचे हात होते. हिरव्या चुड्याचे दोन, साध्या काचेच्या बांगड्यांचे दोन. साध्या बांगड्यांचे सुटत नव्हते. "वहिनी, सोडा ना आता," व्हिडिओवाला म्हणाला. आणि जयंतीचा आवाज, स्पष्ट: "दे गं. माझी झाली ती आता."

विमलाने तिथे थांबवलं.

"कायद्याला एकदा दिलेलं पुरतं," ती म्हणाली. "तुम्ही तीनदा देऊन घेतलीत. आणि त्याची शूटिंग करून गावभर डबे वाटलेत."

"ताई, वकील म्हणाले रजिस्टर नाही म्हणजे..."

"तुझ्या वकिलाने ही बघितली नाही. माझ्या वकिलीणबाईंनी सगळं ऐकलंय. दत्तक झालंय, राजा, आणि झालेलं दत्तक मोडत नाही. तुला नाही, जयंतीला नाही, त्या पोरीलासुद्धा नाही. पाचशेचा लाव, पाच हजाराचा लाव. कोर्टात जायचं तर जा, दोनशे साक्षीदार आहेत आणि सगळ्यांनी श्रीखंड खाल्लेलं आहे."

जयंतीचा आवाज चढला नाही, फक्त 'वन्सं' गळून पडलं. "ताई, आम्ही काय वाईट बघतोय का तिचं? अकरा वर्षं केलं ना. आता आपल्या आईकडे गेली तर बिघडलं कुठे? श्वेता, तूच सांग. तुला नकोय का तुझी मुलगी?"

सगळ्यांनी श्वेताकडे पाहिलं. अकरा वर्षांत तिला समोरून विचारलेला हा पहिला प्रश्न असावा. ती पडद्यावरच्या हातांकडेच बघत होती.

"मला कधी नको होती?" ती म्हणाली. "पहिल्यांदा दिली तेव्हा वाटलं, दिली, संपलं. मग त्याने परत हातात दिली. तुम्ही सगळे हसत होतात. माझं दूध उतरलं होतं, ब्लाउज भिजला होता, आणि मला सांगत होते पदर नीट घ्या, कॅमेऱ्यात दिसतंय." तिने पर्स उघडली, बंद केली. "वहिनी, ती माझ्याकडे यावी असं मला रोज वाटतं. पण तुम्हाला नकोशी झाली म्हणून नाही घेणार. ती काय वापरून परत पाठवलेली वस्तू आहे?"

हर्षदने बायकोकडे असं पाहिलं की जणू हिला आवाज आहे हे त्याला आज कळलं. "बरोबर आहे," तो म्हणाला. तो आयुष्यात वेळेवर फार थोडं बोलला होता, त्यातलं हे एक.

"आणि मग मी काय केलं?" जयंती म्हणाली. आता तिचे डोळे भरले होते, आणि ते नाटक नव्हतं, हे विमलाला कबूल करावं लागलं. "बारा वर्षं माझी ओटी रिकामी म्हणून ऐकून घेतलं. आता माझं स्वतःचं झालं तर मी..."

"तुझं स्वतःचं आधीच होतं, जयंती. तू कॅमेऱ्यासमोर सांगितलंस." विमलाने पिशवीतून कागद काढले. "हा रद्दचा कागद नाही. हा तेव्हाच्या दत्तकाचा आहे, नीट लिहिलेला. यात मिळकत कुठेही नाही, मी चारदा तपासलंय. माझी तेव्हाची चूक मी सुधारलीय. आता तुमची. चौघांच्या सह्या, आणि उद्या सकाळी रजिस्ट्रारकडे. मी रजा टाकलीय."

"तुला कोण रजा देतं? तू स्वतःच्या टेबलावर बसतेस," राजाराम सवयीने म्हणाला.

"म्हणून तर मिळाली. वाच आणि सही कर, मेल्या."

राजारामने वाचायला घेतलं, नोटीस वाचतात तसं. वाचता वाचता त्याने वर पाहिलं आणि थांबला. आतल्या दारात दिशा उभी होती, कडेवर यज्ञेश, अर्धा झोपलेला, तोंड तिच्या खांद्यात खुपसलेलं. ती कधीपासून उभी होती कुणाला माहीत नव्हतं. पडद्यावर ते चार हात तसेच थांबलेले होते.

"ती मी आहे?" तिने विचारलं.

"हो," श्वेता म्हणाली.

"खूप रडतेय."

"भूक लागली होती तुला."

दिशा थोडा वेळ बघत राहिली. मग तिने राजारामकडे पाहिलं. "पप्पा, यात लिहिलेलं नंतर बदलतं का?"

राजारामने एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणी बोट वर करून प्रश्न विचारला की तो 'पाहू' म्हणायचा. ते त्याच्या तोंडापर्यंत आलेलं विमलाला दिसलं. पण समोर मीटिंग नव्हती.

"नाही बदलत," तो म्हणाला, आणि सही केली. सही नेहमीची लफ्फेदार नव्हती. हर्षदने केली, श्वेताने केली. जयंतीने पेन घेतलं, कागदावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं, एवढा वेळ की शाईचा ठिपका पडला. मग तिने केली. आत तेल तापत होतं, म्हणून की अजून कशाने, सही झाल्या झाल्या ती उठून स्वयंपाकघरात गेली.

विमलाला विजयी वगैरे वाटलं नाही. कागद पक्का झाला म्हणून उद्या कोण कुणाच्या ताटात प्रेमाने वाढणार होतं? ते बघायला दर रविवारी इथे यावं लागणार, अंधेरी ते बोरिवली, गुडघे दुखत असले तरी, आणि 'सहज आले' असं म्हणावं लागणार. म्हणू. त्यात काय.

"मम्मी," दिशा स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाली, "यज्ञेश झोपला. झोळीत नाही, असाच झोपतो तो." थोड्या वेळाने जयंती दारात आली, हात पिठाचे, आणि मुलाकडे व त्याला धरलेल्या मुलीकडे बघत उभी राहिली.

"असाच?" ती म्हणाली.

"रोज."

जयंतीने पिठाचे हात मागे घेतले, मूल जागं होईल म्हणून, आणि परत आत गेली.

"आणि माझं कपाट," दिशाने बापाला सांगितलं, "ते आत आणायचंय."

"आत्ता? जेवण..."

"वह्यांना वास येतो."

तेव्हा दोघे भाऊ उठले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि बाल्कनीत गेले. कपाट लोखंडी होतं, दार अरुंद. हर्षद रोज लिफ्ट बसवणारा, तरी पहिल्या वेळी ते आडवं अडकलं. दुसऱ्या वेळी राजारामचं बोट चेमटलं आणि तो बारीक ओरडला. आतून जयंती म्हणाली, "टाइल सांभाळा रे."

दिशा झोपलेल्या यज्ञेशला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिने मान तिरकी करून अंदाज घेतला.

"काका, तुमची बाजू वर," ती म्हणाली. "पप्पा, थोडं मागे घ्या. हं. परत एकदा."